सायकल पाम बीचवर नको, ऐरोली स्टेशनबाहेर हवी

नवी मुंबईत सायकल म्हटलं की आधी पाम बीच रस्ता आठवतो. रविवारी पहाटे हेल्मेट-गॉगल चढवून निघालेले जथे, मोटरसायकलच्या किमतीच्या सायकली, परतताना नेरुळला कुठेतरी पोहे-चहा. त्यात वावगं काही नाही. माणसं ऊन चढायच्या आत घाम गाळून घरी जातात, चांगलंच आहे. पण तेवढ्यावरून आपलं शहर सायकलींचं होत चाललंय असं कुणी म्हणू लागलं की हसू येतं. सोमवारी सकाळी याच मंडळींतले बरेच जण चारचाकी काढून सायन-पनवेल महामार्गाच्या रांगेला लागतात.

सोमवारी सायकलवर कोण असतं ते बघायचं तर साडेसहाच्या सुमाराला कोपरखैरणे किंवा घणसोलीच्या सेक्टरांतून एक चक्कर मारावी. हँडलला पेपरचे गठ्ठे लावलेला पोरगा. मागे ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं, बाजूला चटणीची किटली आणि हाताशी रबरी भोंगा असलेला इडलीवाला. रात्रपाळी संपवून परतणारा सिक्युरिटीवाला. गणवेशाची वरची दोन बटणं सोडलेली, डबा कॅरिअरला अडकवलेला. रबाळे एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेले हेल्पर. यांच्या सायकली काळ्या, दांडीच्या, चेनकव्हर खडखडणाऱ्या. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच लोकांना ‘कामावर कसे जाता’ असं विचारलं गेलं, तेव्हा शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी देशभरात सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते आणि २२-२३ टक्के चालत. सरकारी कागदांवर ज्याला शाश्वत वाहतूक म्हणतात, ती करणारी माणसं आपल्यात आधीपासूनच आहेत. गंमत अशी की सायकलची योजना आखायला बसलं की नेमकी हीच माणसं खोलीत नसतात.

शेअर सायकलचं असंच झालं. नोव्हेंबर २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने युलू कंपनीबरोबर सार्वजनिक सायकलींची योजना सुरू केली. मोबाईलवर ॲप उघडायचं, सायकलवरचा कोड स्कॅन करायचा, कुलूप सुटलं की निघायचं. भाडं मिनिटांच्या हिशेबाने. सुरुवातीला कुतूहल भरपूर होतं. कॉलेजची पोरं फोटो काढत होती, संध्याकाळी कुटुंबं हौसेने फेरी मारून येत होती. पुढे पायडलच्या सायकलींपेक्षा बॅटरीवरच्या छोट्या गाड्या जास्त दिसू लागल्या. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या असल्यामुळे त्यांना ना लायसन्स लागतं ना नंबर प्लेट. आज त्या गाड्यांवर कोण बसलंय ते सिग्नलला बघा. पाठीवर चौकोनी बॅग घेतलेली डिलिव्हरीची पोरंच बहुतेक. कंपनीनेही पुढे खास डिलिव्हरीसाठी वेगळं मॉडेल काढलं.

काहींच्या मते ही योजना फसली, लोकांसाठी आणलेली गाडी धंद्याला लागली. मला तसं वाटत नाही. योजनेने आपलं गिऱ्हाईक स्वतःच शोधून काढलं, एवढंच. ज्याला रोज, ठरलेल्या वेळी, पोटासाठी कुठेतरी पोहोचायचं आहे तोच भाड्याची सायकल नियमाने घेतो. हौशी माणूस दोन रविवार घेतो आणि विसरतो. पुण्यातही हे दिसलं. डिसेंबर २०१७ पासून तिथे एकामागून एक कंपन्या उतरल्या, पेडल, ओफो, मोबाईक. नारिंगी-पिवळ्या सायकलींनी फूटपाथ भरले आणि दोनेक वर्षांत बहुतेकींनी गाशा गुंडाळला. कधीकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या गावात हे झालं. तेव्हा ‘आपल्या लोकांना सायकलची सवय नाही’ हे कारण मला पटत नाही. सायकली चुकीच्या जागी उभ्या होत्या आणि चुकीच्या माणसाची वाट बघत होत्या.

माझं म्हणणं असं की नवी मुंबईत शेअर सायकल ही स्टेशनची वस्तू आहे. तिला एनएमएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बससारखं वागवलं पाहिजे, तशी ती चालेल. बागेतल्या झोपाळ्यासारखं वागवलं तर गंजेल. आणि प्रत्येक स्टेशनला ती सारखीच लागणार नाही, हे त्याहून महत्त्वाचं.

वाहतूक क्षेत्रातल्या आयटीडीपी या संस्थेच्या मार्गदर्शिकेत एक सोपा हिशेब दिला आहे. सार्वजनिक सायकल दिवसातून चार ते आठ वेळा वापरली गेली पाहिजे. चारच्या खाली आली तर ती पोसणं महागात पडतं, आठच्या वर गेली तर लोकांना सायकल मिळेनाशी होते. आता हा हिशेब वाशीला लावून बघा. सकाळी आठ ते साडेनऊ सेक्टर ९, १५, १७ मधून माणसं सायकली घेऊन स्टेशनला येतील आणि सीएसएमटीची गाडी पकडतील. दहा वाजता सगळ्या सायकली स्टेशनबाहेर गोळा झालेल्या, सेक्टरांत एकही नाही. त्या सायकली संध्याकाळी सातपर्यंत तिथेच तापत उभ्या राहणार. दिवसाला दोन फेऱ्या, फार तर तीन. मग टेम्पोत घालून त्या सेक्टरांत नेऊन सोडाव्या लागतात. परदेशातल्या शहरांतही हे उद्योग चालतात आणि योजनेच्या खर्चाचा मोठा वाटा त्या टेम्पोंनाच जातो.

ऐरोलीची गोष्ट वेगळी. ठाण्याहून वाशी-नेरुळकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर मार्गावरची ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही स्टेशनं ज्यांनी रोज पाहिली आहेत त्यांना हे ठाऊक आहे. रुळांच्या पश्चिमेला खाडीपर्यंत सेक्टर आणि गावठाणं, पूर्वेला पारसिकच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत एमआयडीसी. सकाळी साडेआठला गाडी थांबली की एकाच फलाटावर दोन पूर समोरासमोर येतात. पश्चिमेकडून आलेले ठाण्याच्या दिशेला चढतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून आलेले उतरून पूर्वेला आयटी पार्ककडे, केमिकल कंपन्यांकडे, गोदामांकडे सुटतात. ऐरोलीच्या सेक्टर ८ मधल्या माणसाने आठ पंचवीसला आणून ठेवलेली सायकल साडेआठला डोंबिवलीहून आलेला माणूस एमआयडीसीत घेऊन जाऊ शकतो. संध्याकाळी उलट: एमआयडीसीतून आलेली सायकल स्टेशनवर उतरणारा ऐरोलीकर घरी नेतो. दुपारी बँक, जेवण, दुसऱ्या पाळीची ये-जा. चार फेऱ्या टेम्पोशिवाय होतात. दोन्ही बाजूंनी असा भरलेला प्रवाह असलेली उपनगरी स्टेशनं मुंबई परिसरात फार नाहीत.

हा निव्वळ योगायोग नाही. साठच्या दशकाच्या मध्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, तेव्हा मुद्दाच हा होता की सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे आणि संध्याकाळी सगळी उत्तरेकडे वाहते, हे थांबवायचं असेल तर घरं आणि काम दोन्ही पलीकडे न्यायला हवं. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, नोड म्हणजे वाशी-नेरुळसारखे विभाग आखले गेले. सगळं ठरल्याप्रमाणे झालं नाही. मंत्रालय काही इकडे आलं नाही आणि लाखो माणसं अजून रोज खाडी ओलांडतात. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात तो जुना हिशेब बऱ्यापैकी उतरला आहे. शेअर सायकलसाठी याहून चांगली जमीन कुठली? सपाटही आहे, महापेच्या पुढे चढ लागेपर्यंत तरी.

अडचण आहे ती मधल्या रस्त्याची. स्टेशन आणि एमआयडीसी यांच्यामध्ये ठाणे-बेलापूर रस्ता आहे. कंटेनर, टँकर, कंपनीच्या बसगाड्या, मध्येच उलट्या बाजूने येणारी रिक्षा. २०१८ मध्ये एमएमआरडीए या महानगर प्राधिकरणाने घणसोली-तळवली आणि सविता केमिकलजवळ उड्डाणपूल केले, महापेला भुयारी मार्ग केला. गाड्यांचा वेळ वाचला, मान्य. पण रस्ता जितका विनाथांबा होतो तितका तो आडवा ओलांडणं कठीण होतं, आणि इथली हजारो माणसं रोज हा रस्ता आडवाच ओलांडतात. जिथे पादचारी पूल किंवा भुयार आहे तिथे पायऱ्या असतील तर सायकलवाल्याने काय करायचं? पायऱ्यांच्या कडेने सायकल ढकलत न्यायला वीतभर रुंदीची उतरती पट्टी लागते. सिमेंटचं दोन दिवसांचं काम. ते कुठल्याच आराखड्यात नसतं, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

शेअर सायकलींचे स्टँड नेमके कुठे ठेवायचे हे ठरवताना आणखी एक चूक हमखास होते. ते मॉलसमोर, तलावाकाठी, मोठ्या सोसायट्यांच्या रांगेत जातात. एमआयडीसीत काम करणारा मोठा वर्ग राहतो घणसोली गाव, तळवली, रबाळे, दिघा इथल्या गावठाणांत आणि वस्त्यांत. एका खोलीत चौघं, भाडं वाटून. यांचा स्टेशन किंवा कंपनीपर्यंतचा प्रवास दीड-दोन किलोमीटरचा. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झालंय. शेअर रिक्षात त्याहून कमी, पण दोन्ही वेळा मिळून महिन्याचा आकडा पगाराच्या मानाने टोचतोच. म्हणून तो चालतो. या माणसाला सायकल परवडते, पण डिपॉझिट आणि ॲप यांच्या दारात तो अडकतो. माझ्या ओळखीचे एक सिक्युरिटीचे काका आहेत, त्यांना मी एकदा विचारलं तर म्हणाले, “साहेब, बॅलन्स संपला तर मधल्या रस्त्यात कुलूप लागेल का हो?” प्रश्न हसण्यासारखा नाही. स्मार्टफोन आता बऱ्याच जणांकडे आहे. त्यात कधी पैसे असतात, कधी नसतात. रेल्वेच्या पासासारखा महिन्याचा पास हवा, खिडकीवर रोख मिळणारा, पहिला अर्धा तास फुकट. पॅरिसच्या वेलिब या सार्वजनिक सायकल योजनेने २००७ मध्ये आणि चीनमधल्या हांगझोने २००८ मध्ये सुरुवातीचा वेळ असाच फुकट ठेवला. हांगझोमध्ये तर पहिला तास फुकट होता. छोट्या फेरीला पैसे नाहीत म्हटलं की माणूस सायकल अडकवून ठेवत नाही, पोहोचल्यावर लगेच सोडतो आणि ती दुसऱ्याला मिळते.

आता पुन्हा वाशी, नेरुळ, सीवूड्स, बेलापूर. तिथे शेअर सायकल लावू नये असं नाही, पण तिथली खरी गरज दुसरीच आहे. तिथल्या माणसाला स्वतःची सायकल ठेवायला जागा हवी.

या बाबतीत डच लोकांचं ऐकावं. तिथे घरापासून स्टेशनपर्यंत माणूस स्वतःच्या सायकलने येतो, ती स्टेशनात ठेवतो, गाडीने दुसऱ्या गावी जातो आणि तिथे उतरल्यावर रेल्वेची भाड्याची सायकल घेतो. ओव्ही-फिट्स नावाची ही योजना २००३ पासून आहे, पुढे रेल्वेनेच ती ताब्यात घेतली. घेतली तिथेच परत आणायची, एवढा साधा नियम. म्हणजे घराकडच्या टोकाला आपली सायकल आणि कामाकडच्या टोकाला भाड्याची. उत्रेख्त स्टेशनखाली १२,५०० सायकली मावतील असा तळ बांधलाय तो घराकडच्या टोकासाठी. आपण उलटं करतो: घराजवळ भाड्याची सायकल आणून ठेवतो आणि स्वतःची सायकल असलेल्या माणसाला स्टेशनवरून हाकलतो.

हाकलतो हा शब्द जड वाटत असेल तर कुठल्याही स्टेशनबाहेरचं रेलिंग बघा. तिथे सायकली साखळदंडाने बांधलेल्या असतात, कधी एकीला तीन-तीन कुलपं, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी, पुढचं चाक काढून सोबत नेलेली एखादी. शेजारी पे अँड पार्कची प्रशस्त जागा, मोटारींसाठी आखलेले पांढरे चौकोन, मोटरसायकलींच्या दाटीवाटीच्या ओळी. एका मोटारीच्या चौकोनात आठ-दहा सायकली आरामात राहतात. मोटारीतून सहसा एकच माणूस उतरलेला असतो. हे गणित शाळेतल्या पोरालाही सुटेल, पण पार्किंगच्या कंत्राटात सायकलकडून पैसे मिळत नाहीत म्हणून सायकलला जागा नाही.

स्टेशनच कशाला, आपल्या सोसायट्याच बघा. दोन गाड्यांचं पार्किंग लिहून घेणारी सोसायटी सायकलींचा प्रश्न आला की कडक होते. मुलांच्या सायकली जिन्याखाली धूळ खात, मीटरच्या खोलीशेजारी एकावर एक. घरकामाच्या मावशी किंवा ड्रायव्हर सायकलवर आले तर सायकल गेटबाहेर लावायची, आत आणायची नाही. एका सर्वसाधारण सभेत सायकल स्टँडसाठी पाहुण्यांच्या पार्किंगमधली एक जागा द्यावी असं मी सुचवलं, तेव्हा “एंट्रन्सचा लूक जातो” असं उत्तर आलं. ठराव पडला. त्यानंतरचा विषय लॉबीच्या ग्रॅनाइटचा होता आणि तो एकमताने मंजूर झाला.

या दिखाऊपणाचा फटका बसतो तो पोरांना. ग्रामीण महाराष्ट्रात, मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत, आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेला जायला सरकार सायकल देतं. गावाबाहेरच्या रस्त्यावरून चार-चार किलोमीटर त्या मुली जातात. इकडे सेक्टर ६ मधली तेरा वर्षांची मुलगी सेक्टर १० च्या शाळेत स्कूटीच्या मागे बसून जाते, आई तिला सोडून मग कामावर पळते. कारण विचारलं तर रस्ता. सेक्टरच्या आतला, सिडकोने आखलेला, दोन्ही बाजूंना झाडं असलेला रस्ता! तिथे रात्रंदिवस दुहेरी पार्किंग, आणि उरलेल्या पट्टीतून टँकर आणि मोटरसायकली. आयांची भीती खोटी नाही. पण तो रस्ता भरलाय तो आपल्याच गाड्यांनी.

देखभाल हा मला सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. सायकल भाड्याने देणं हा काही ॲपवाल्यांचा शोध नाही. नव्वदच्या दशकापर्यंत गावोगावी, ठाण्याच्या जुन्या गल्ल्यांतही, तासावर सायकल मिळायची. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा. डिपॉझिट नव्हतं, वडिलांचं नाव पुरायचं. पोरांसाठी छोट्या सायकली असायच्या. परत आणली की तो मागचं चाक उचलून फिरवायचा, ब्रेक दाबून बघायचा, रिम वाकली असेल तर तिथल्या तिथे स्पोक आवळायचा आणि वाकवली कुणी तेही त्याला कळायचं. त्या धंद्यात सायकल आणि तिची काळजी घेणारा माणूस एकाच ठिकाणी होते. आता सायकल ऐरोलीत, सर्व्हर कुठेतरी, दुरुस्तीचा माणूस दोन दिवसांनी टेम्पो घेऊन येणार. तोवर तुटलेल्या पायडलची सायकल फूटपाथवर आडवी पडलेली असते आणि तिच्यावरून उडी मारून जाणारा माणूस ठरवून टाकतो की या योजना अशाच असतात.

चीनमध्ये हे टोकाला गेलं. २०१६-१७ मध्ये कंपन्यांनी गुंतवणूकदारांच्या पैशावर लाखो सायकली रस्त्यांवर ओतल्या, शहराबाहेर रंगीबेरंगी सायकलींचे डोंगर उभे राहिले. त्यांतली ब्लूगोगो ही कंपनी नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद पडली. २०१८ च्या डिसेंबरात ओफोकडे डिपॉझिट परत मागणाऱ्यांची रांग एक कोटीच्या वर गेली. हा धंदा सायकलींचा राहिलाच नव्हता, डिपॉझिटचा आणि बाजारमूल्याचा झाला होता. त्याच काळात, जून २०१७ मध्ये, म्हैसूरने ‘ट्रिन ट्रिन’ सुरू केली: ४५० सायकली, ४८ स्टँड, ठरलेली जागा, ठरलेलं कुलूप. आकड्याने लहान, पण ती कुणाच्या शेअर बाजाराच्या स्वप्नावर उभी नव्हती. म्हणून मला ठरलेल्या स्टँडची योजना हवी, आणि प्रत्येक स्टँडजवळ एक माणूस. स्टेशनबाहेरचा पंक्चरवाला आहेच की. किंवा महिला बचत गट. वीस सायकली, एक पंप, एक हत्यारपेटी, महिन्याला ठरलेली रक्कम आणि चालू स्थितीतल्या सायकलींवर वरचा मोबदला. महापालिकेने कंपनीशी करार जरूर करावा, पण स्टँडवरचा पगार त्या करारात लिहिलेला असावा.

मग पैसे कुठून, हा प्रश्न येतोच. ‘महापालिकेला एक रुपयाही खर्च नाही’ असं अभिमानाने सांगून या योजना आणल्या जातात. मला ते वाक्य ऐकलं की धडकी भरते. खर्च नाही म्हणजे हक्क नाही. उद्या कंपनीने सायकली उचलून नेल्या तर विचारणार कोण? बदल्यात जाहिरातींचे फलक द्यायचे म्हटले तर स्टँड तिथे जातो जिथे मोटारीतल्या माणसाला जाहिरात दिसेल. दिघ्याच्या गल्लीत कोण फलक लावतंय? या शहराचा इतिहास तर वेगळंच सांगतो. मानखुर्दहून खाडीवरून रेल्वे इकडे आली तेव्हा तिच्या खर्चातला सुमारे ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, रेल्वेने ३३. १९९२ मध्ये वाशीला लोकल पोहोचली. त्या खर्चाच्या वसुलीसाठी नवी मुंबईकरांच्या तिकिटावर वर्षानुवर्षे सिडकोचा अधिभार लागत आला. म्हणजे शहर उभं करायला गाडी हवी, आणि गाडी हवी तर पैसे आपणच भरायचे, हे इथल्या माणसाला नवीन नाही. एनएमएमटी १९९६ पासून धावते ती काही नफ्यावर नाही. बस तोट्यात चालवली तर ती सेवा, आणि सायकलने मात्र पहिल्या वर्षापासून स्वतःचं पोट भरायचं, हा न्याय कुठला?

‘आधी ट्रॅक करा, मग सायकली आणा’ असं म्हणणारे मित्र मला भेटतात. अर्धं खरं आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने सायकल ट्रॅक केला, त्यावर मोटारी उभ्या राहिल्या, टपऱ्या लागल्या, आणि २०२५ मध्ये तो काढून मोटारींना रस्ता वाढवून द्यायचं ठरलं. तुकड्यातुकड्यांत, कुठूनही कुठेही न जाणारा ट्रॅक केला की असंच होणार. स्पेनमधल्या सेव्हिलने २००६-०७ च्या सुमाराला उलट केलं: सुमारे ८० किलोमीटरचं जोडलेलं जाळं एका दमात, आणि लगेच सार्वजनिक सायकली. एक टक्क्याच्याही खाली असलेला सायकलींचा वाटा काही वर्षांत सहा टक्क्यांच्या वर गेला. ऐरोली ते तुर्भे हा पट्टा सेव्हिलइतका मोठाही नाही. पाच स्टेशनं, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटर. सगळीकडे वेगळा ट्रॅक हवाच असंही नाही. सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर दुहेरी पार्किंग उचललं आणि वेग ताशी ३० वर आणला तरी सायकल चालते. वेगळी, दगडाने आखलेली पट्टी हवी ती एमआयडीसीच्या मुख्य रस्त्यांवर, जिथे ट्रेलर वळतात. तिथे पांढऱ्या पट्ट्याने भागणार नाही.

पाऊस? जून ते सप्टेंबर सायकली कमी चालणार, जुलैत तर फारच कमी. यावर तावातावाने भांडण्यात अर्थ नाही. पेपरवाला रेनकोट घालून जातो म्हणून आयटीतला माणूसही जाईल असं मी म्हणणार नाही. पण आठ महिने चालणारी सोय चार महिने चालत नाही म्हणून आणायचीच नाही, हा हट्ट आपण दुसऱ्या कशाबाबत धरत नाही. पावसाळ्यात खड्ड्यांत जाणारे रस्ते दर वर्षी नव्याने बांधतोच की. पावसाळ्यात सायकली आत घ्या, दुरुस्त करा. एप्रिल-मेच्या उकाड्यासाठी बॅटरीची मदत असलेल्या सायकली काही टक्के ठेवा. पुढची दांडी खाली असलेली फ्रेम घ्या, म्हणजे साडी किंवा कुर्ता घातलेली बाईही सहज बसेल. आणि रात्री साडेनऊला कंपनीतून सुटणाऱ्या बाईने एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याने सायकल चालवावी असं वाटत असेल तर आधी तिथले दिवे लावा. दिवे लागले तर चालणाऱ्या बाईचंही भलं होईल.

रिक्षावाल्यांचा विरोध होईल असं म्हणतात. होईल थोडा. शेअर रिक्षा हीच खरं तर या शहराची मूळची सामायिक वाहतूक, तीन माणसं मागे आणि एक नियमाबाहेरचा पुढे. सायकल तिचं गिऱ्हाईक फार नेणार नाही. ती नेईल आज पायी जाणाऱ्याला आणि मोटरसायकल काढणाऱ्याला. राज्य सरकारने २०२५ मध्ये इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीलाही मंजुरी दिलीच आहे, तेव्हा स्टेशनबाहेरची स्पर्धा तशीही वाढणार. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते, तिच्या शेवटच्या टोकाला तळोज्याची एमआयडीसी आहे. विमानतळही सुरू झालाय, तिथे कामाला जाणारे हजारो जण दिवसाच्या वेगवेगळ्या पाळ्यांत जा-ये करतील. या सगळ्यांचं शेवटचं दीड किलोमीटर आज कुणाच्याच हिशेबात नाही.

स्टेशनबाहेरच्या पे अँड पार्कचं कंत्राट दर काही वर्षांनी नव्याने निघतं, मग ते सिडकोचं असो, पालिकेचं किंवा रेल्वेचं. पुढच्या वेळी वाशी, नेरुळ आणि बेलापूरच्या निविदेत तिकीट खिडकीच्या सगळ्यात जवळची जागा सायकलींना, फुकट आणि चौकीदारासह, अशी अट घाला. आणि ऐरोलीला दोन्ही दारांबाहेर मिळून दोनशे सायकली, एक पंक्चरवाला आणि रोख पासाची एक खिडकी, एवढ्यावर एक हिवाळा काढून बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे पावसाची सबब नको. रोजच्या फेऱ्या फळ्यावर खडूने लिहा, सगळ्यांना दिसतील अशा. सायकलमागे दिवसाला चार फेऱ्या होत नसतील तर पुढच्या मार्चमध्ये खुशाल सायकली उचला, मी तक्रार करणार नाही.